पाहुण्यांसमोरची बातमी

चिंतामामांनी त्या रविवारी सही केली नाही.

फॉर्म एकाच पानाचा. वर सानिकाचं नाव, तिच्या फिजिओथेरपीच्या परवान्याचा नंबर, मधे चार ओळी, आणि खाली ‘हमीदार नागरिक’ अशी मोकळी रेघ. मागच्या वर्षी मामांनी न वाचताच सही ठोकली होती आणि वर म्हणाले होते, “तुझ्यासारख्या मुलीला हमी लागते आणि या सरकारला लाज लागत नाही.” या वर्षी त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, घडी घातली आणि टीव्हीशेजारच्या फळांच्या टोपलीखाली सरकवला.

“शुक्रवारपर्यंत मुदत आहे ना? विचार करून सांगतो.”

“विचार कसला, मामा?” सानिकाने हसत विचारलं. तिला ती चेष्टा वाटली होती.

मामांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मी जे दर रविवारी करतो तेच केलं, मान हलवली आणि वांग्याचा आणखी एक काप ताटात वाढून घेतला.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, चिंतामण वर्तक. पन्नास वर्षांपूर्वी ओहायोत आले, राज्याच्या रस्तेखात्यात पूल तपासायची नोकरी केली, नागरिक झाले, आणि निवृत्त होऊन मॅन्सफील्डच्या त्याच छोट्या घरात राहिले. सुलभामामी जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. आम्ही कोलंबसला राहतो, तासाभराच्या अंतरावर, म्हणून दर रविवारी जेवायला जायचं असं आईने पुण्याहून फोनवर ठरवून दिलं होतं. दुसरी गोष्टही तिनेच बजावली होती: “हृषी, दादा काहीही बोलला तरी त्याच्या तोंडाला लागू नकोस. एकटा आहे तो.”

मी आईचं ऐकणारा मुलगा आहे. बेचाळीस रविवार मी तोंडाला लागलो नव्हतो.

आता हमीचं प्रकरण. ज्या परदेशी माणसाकडे कायमच्या वास्तव्याचं कार्ड नाही, त्याला ओहायोत डॉक्टर, नर्स, फिजिओ, इलेक्ट्रिशियन असा कुठलाही परवाना टिकवायचा असेल, तर दरवर्षी एका जुन्या नागरिकाने त्याच्या चांगुलपणाची हमी द्यायची. लाल पक्षाने हा कायदा आणला आणि त्याचं नाव ठेवलं ‘शेजारधर्म कायदा’. इथे कायद्याचं नाव जितकं गोड तितक्या लवकर आपण पासपोर्ट कुठे ठेवलाय ते बघून घ्यावं. संशयाला त्यांनी आपुलकी म्हटलं, हजेरीला ओळख म्हटलं, आणि त्यांच्या चॅनलवर महिनाभर एक म्हातारा एका परदेशी नर्सच्या कागदावर सही करून तिला सफरचंद देताना दाखवला. निळ्या पक्षाने अग्रलेख लिहिले, मेणबत्त्या लावल्या आणि मला दिवसातून तीन मेल पाठवले, ज्यात माझी मदत ‘आत्ताच’ हवी होती. मला मताचा अधिकार नाही हे त्यांच्या कॉम्प्युटरला बहुधा कुणी सांगितलं नसावं. कायदा मंजूर झाला.

आणि ज्या चॅनलने तो गळी उतरवला, त्या ‘हार्टलँड वन’मध्ये मी नोकरीला होतो.

परतीच्या वाटेवर सानिका मग म्हणाली, “त्यांनी तुझ्याकडे का पाहिलं?”

“कधी?”

“मी काहीही विचारलं की आधी तुझ्याकडे बघतात. गेले चार-पाच महिने. जसं काही तू उत्तर देणार आहेस.”

मी म्हटलं, म्हातारपण आहे. ती म्हणाली, म्हातारपण मी रोज आठ तास बघते, ते असं नसतं. ती वृद्धांच्या एका पुनर्वसन केंद्रात काम करते. पडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते.

मग आम्ही तो हिशेब पुन्हा केला, जो नऊ वर्षं करत आलोय. आमच्या कार्डाचा नंबर कधी लागेल असं वकिलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, तुमच्या नातवंडांना सांगून ठेवा. तोवर दोघांच्या दोन नोकऱ्या आणि दोन व्हिसा. माझी नोकरी गेली तर मी तिच्या व्हिसावर अवलंबून राहू शकतो, काम न करता. तिचा परवाना गेला तर ती माझ्या व्हिसावर. दोन्ही गेलं तर साठ दिवसांत देश सोडायचा. एक पाय तरी जमिनीवर हवा, असं सानिका म्हणायची. आता तिचा पाय मामांच्या फळांच्या टोपलीखाली होता.

“दुसरा कुणी नागरिक?” मी विचारलं.

“वीस वर्षं जुना आणि रक्ताचा किंवा लग्नाचा नातेवाईक. या वर्षीपासून. तुमच्याच चॅनलने सांगितलं ना, अनोळखी माणसाची सही म्हणजे फसवणूक.”

मी गाडी चालवत राहिलो.

माझ्या कामाबद्दल सांगायलाच हवं. हार्टलँड वन साठीपुढच्या प्रेक्षकांना कानाचं मशीन फुकट देतं. मशीन उत्तम असतं, त्यात खोट नाही. आत, कातडीला टेकून, तांदळाच्या दाण्याहून लहान असा हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला कानाच्या कातडीतलं रक्त वाढतं-घटतं, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो. त्यावरून नाडी कळते, हे साध्या घड्याळालाही जमतं. पण कानाजवळ आणखी एक गोष्ट कळते: एखादा शब्द ऐकल्यावर त्या बारीक नसा आवळल्या की नाही. राग असो, भीती असो, अपमान असो, माणसाला स्वतःला कळायच्या आधी नसा आवळतात. शब्द पडल्यापासून चार सेकंदांत मशीनला समजतं की तो लागला.

पुढचं सोपं आहे. एका घटनेची तीन-चार हजार वाक्यं आधीच तयार असतात. समजा, एक कारखाना बंद पडला. एकाला सांगायचं की परक्यांमुळे, दुसऱ्याला धुराच्या नियमांमुळे, तिसऱ्याला शाळेतली प्रार्थना बंद झाल्यामुळे. कारखाना मालकाने विकून टाकला हे चौथं वाक्यही यादीत असतं, पण त्याने कुणाच्याच नसा आवळत नाहीत, म्हणून ते तळाला जातं. ज्याच्या कानाला जे लागतं तेच त्याला मिळतं. बातमी सांगणारी बेथ सगळ्यांना दिसते एकच. ती बाई खरी होती एकेकाळी. आता तिचा चेहरा आणि आवाज चॅनलकडे आहे आणि ती स्वतः फ्लोरिडात गोल्फ खेळते.

आणि घरात दुसरं कुणी असेल तर? तिथेच माझा हात आहे. पूर्वी ख्रिसमसला मुलं-सुना घरी आल्या की टीव्हीवरून भांडणं व्हायची आणि मुलं चॅनल बंद करायला लावायची. डग नावाचा माझा साहेब मीटिंगमध्ये हतबल होऊन बसला होता. मी म्हटलं, आमच्याकडे एक रीत आहे, पाहुण्यांसमोर घरातलं काढायचं नाही. आमचे वडील, आबा, पाहुणे असताना इतके गोड बोलायचे की आईला पाहुणे जाण्याची धास्ती वाटायची.

सगळे हसले, आणि डगने ते लिहून घेतलं. सहा महिन्यांत ‘गेस्ट मोड’ तयार झाला. परका आवाज ओळखला की टीव्हीचा स्पीकर सौम्य बातमी लावतो: हवामान, मक्याचं पीक, दोन्ही बाजूंचं थोडं थोडं. कानातलं मशीन मात्र आपलीच बातमी चालू ठेवतं. स्पीकर काय वाजवतोय हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे तेवढाच आवाज ते कानात पोचताना वजा करतं. माणसांचे आवाज नीट ऐकू येतात. बेथचे ओठ दोन्ही बातम्यांशी जुळवायची पंचाईत होते तेव्हा पडद्यावर शेतं आणि झेंडे दाखवतात. एकाच सोफ्यावर दोन माणसं बसतात आणि दोघांनाही वाटतं की आपण एकच ऐकतोय. मला त्याबद्दल काचेची ढाल मिळाली. मी स्वतःची समजूत घातली होती की निदान घरांत शांतता नांदेल.

मामांचं मशीन आमच्याच चॅनलचं होतं. नाव मीच नोंदवलं होतं, फुकट मिळतं म्हणून. काळजी वाटली नाही का? नाही वाटली. मामांनी पंचवीस वर्षं निळ्या पक्षाला मत दिलेलं, युनियनचे सभासद, दोन पेपर वाचणारे. दुसऱ्यांचे मामा फसतात, आपले नाहीत, असा प्रत्येकाचाच समज असतो. माझाही होता.

गुरुवारी मी रजा टाकली आणि एकटाच मॅन्सफील्डला गेलो. दुपारचे बारा वाजत आले होते. मामा आलेखाच्या वहीत काहीतरी लिहीत बसले होते. टीव्हीवर बेथ हवामान सांगत होती.

“एकटाच? ती कुठाय?”

“कामावर. मामा, फॉर्मचं काय ठरलं?”

“भात टाकलाय. जेवून बोलू.”

त्यांनी उजव्या कानातलं मशीन काढलं आणि बारीक ब्रशने साफ करायला घेतलं. रोज बाराला उजवं, एकला डावं. रस्तेखात्यात दोन्ही लेन एकदम बंद करत नाहीत, असं ते म्हणायचे. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि ते मशीन टेबलावर ठेवून आत गेले.

मी ते उचललं आणि कानात घातलं.

दुसऱ्याच्या कानात गेलेलं मशीन गप्प होतं, कारण प्रत्येकाच्या कानातल्या रक्ताची चाल वेगळी असते. पण ती ओळखायला आठ सेकंद लागतात. ते आठ सेकंद मीच मंजूर केले होते.

“...चिंतामण, तुम्ही रांगेत उभे राहिलात,” बेथ माझ्या कानात हळू आवाजात म्हणत होती. “ही पोरं रांग मोडून आली, आणि आता तुमची सही मागतात. समोर बसलेल्या तुमच्या भाच्याकडे बघा. त्यानेही हे सगळं ऐकलं. तो नाही म्हणाला का?”

मशीन गप्प झालं. स्पीकरवरची बेथ सांगत होती की संध्याकाळी वारा सुटेल.

 बेचाळीस रविवार. दर रविवारी ती त्यांना हे सांगत होती, ते माझ्याकडे बघत होते, आणि मी वांग्याचे काप खात मान हलवत होतो. माझी ती सभ्यता कुणीतरी माझ्या कल्पनेला जोडली होती. पाहुण्याला ऐकूच आलेलं नाही, पण त्याचं मौन म्हणजे संमती. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

मामा बाहेर आले तेव्हा मशीन टेबलावर होतं. त्यांनी ते कानात घातलं.

“मामा, तुम्ही जे ऐकता ते मला ऐकू येत नाही.”

“म्हणजे?”

“टीव्हीवर. तुमच्या कानात वेगळं येतं. मला वेगळं ऐकू येतं.”

मामा खुर्चीत बसले. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, हेच भयंकर होतं. “ती म्हणालीच होती. एक दिवस तो म्हणेल की मी ऐकलंच नाही.”

“कोण?”

“बेथ. अरे, तू इथे बसला होतास. सानिकासारख्या मुलींबद्दल ती काय वाटेल ते बोलत होती. मला पहिल्यांदा इतका राग आला होता की मी टीव्ही फोडणार होतो. मग तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवलीस. म्हटलं, हा तिचा नवरा, ह्याला पटतंय म्हणजे काहीतरी असेल त्यात.”

“मशीन काढा आणि ऐका.”

“काढलं तर मला बॉम्बसुद्धा ऐकू येणार नाही. बहिरा आहे मी, हृषी.”

ते खरंच होतं. खरी बातमी ऐकायला मशीन काढायला हवं, आणि मशीन काढलं की काहीच ऐकू येत नाही. ज्याने कुणी हे रचलं तो हुशार होता, आणि त्यात थोडा मीही होतो.

मी त्यांच्या आलेखाच्या वहीकडे पाहिलं.

“मामा, तुम्ही पूल तपासायचात तेव्हा ठेकेदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचात?”

“कधीच नाही. माप घ्यायचो.”

“मग माप घ्या. माझ्यावर ठेवू नका विश्वास आणि तिच्यावरही ठेवू नका. तुम्ही जे ऐकाल ते लिहा. मी जे ऐकेन ते मी लिहितो. दहा मिनिटं. मग कागद बदलू.”

मामा मग उठले, वहीतली दोन पानं काढली, दोन पेन्सिलींना टोक केलं, आणि ओट्यावरचं अंडी उकडायचं गजराचं घड्याळ दहा मिनिटांवर लावलं. मराठीतच लिहायला घेतलं. रस्तेखात्यात ते टिपणं मराठीत काढायचे, ठेकेदारांना वाचता येऊ नयेत म्हणून. कागद आम्ही दोघांनीही मांडीवर, टेबलाच्या कडेखाली धरले होते. टीव्हीला कॅमेरा असतो हे मामांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपण होऊनच तसं केलं.

दहा मिनिटं बेथचा आणि पेन्सिलींचा तेवढा आवाज. एकदा मामांची पेन्सिल थांबली. ते माझ्याकडे बघू लागले तेव्हा मी मान हलवली नाही. ती दहा मिनिटं मी मान ताठ ठेवून बसलो आणि मानेला रग लागली.

घड्याळ वाजलं. आम्ही कागद बदलले.

माझ्या कागदावर वारा, मका, एका शाळेच्या बँडचं बक्षीस आणि शेजारधर्म कायद्यामुळे लोकांत ओळखी वाढल्याबद्दल दोन वाक्यं होती. मामांचं अक्षर सुरेख, गोल. ‘चिंतामण, उद्या शेवटचा दिवस. तुमची सही म्हणजे तुमचं नाव. पन्नास वर्षं जपलेलं. उद्या ती मुलगी कुणाला इजा करेल आणि पेपरात तुमचं नाव येईल. सुलभाताईंच्या शेवटच्या दिवसांत अशीच एक परकी नर्स होती, आठवतं? तिने औषध वेळेवर दिलं का? तुमचा भाचा काही लिहितोय. लिहू द्या. त्याच्याकडे उत्तर असतं तर तो बोलला असता.’

मामींच्या ओळीपाशी अक्षर जरा हललं होतं. ती नर्स केरळची होती. मामी गेल्या त्या दिवशी ती मामांच्या शेजारी बसून रडली होती, आणि मामांनीच मला ते सांगितलं होतं.

मामांनी माझा कागद तीनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“मका,” ते म्हणाले.

“हो.”

“दर रविवारी तू मका ऐकत होतास.”

“हो, मामा.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं, सुटलो. पण मामा पूल तपासणारे. पडलेल्या भेगेवर ते थांबत नाहीत, ती कुठून सुरू झाली ते बघतात.

“हे केलं कुणी?” त्यांनी विचारलं.

मी कागद ओढला आणि लिहिलं: ‘मशीन बोलणंही ऐकतं. यंत्र कसं चालतं हे मी तुम्हाला तोंडाने सांगितलं तर करार मोडतो. उद्या नोकरी जाईल. एवढं पुरे समजून फॉर्मवर सही करा, मग सगळं लिहून देतो.’

मामांनी वाचलं. पेन्सिल खाली ठेवली.

“आत्तापर्यंतचंही त्यांनी ऐकलं असेल की.”

‘तुम्हाला वेगळं ऐकू येतं अशी तक्रार हजारो मुलं करतात. ते चालतं. आतलं सांगितलेलं चालत नाही,’ मी लिहिलं.

“हृषी, बेचाळीस रविवार तू गप्प बसलास. मला वाटलं तुला पटतंय. आता मला पुन्हा गप्प राहून पटवतोस?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तोंडाने बोल. तिला ऐकू दे.”

मला भीती वाटली, हे सरळ सांगतो. सानिकाची सही अजून झाली नव्हती. मी बोललो आणि ते नाही म्हणाले, तर दोन्ही पाय जातील. साठ दिवसांत घर, गाडी, तिचे ते चालायला शिकणारे म्हातारे, सगळं आवरायचं. आणि नाही बोललो तर ते आत्ताच नाही म्हणणार होते, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. टीव्हीवर झेंडा फडकत होता. म्हणजे त्यांच्या कानात काहीतरी चालू होतं.

“मी केलं,” मी म्हणालो. “पाहुणे असताना वेगळी बातमी लावायची ही कल्पना माझी. आबांवरून सुचली. कानातल्या दिव्याचा अर्धा हिशेब माझा आहे. ती तुम्हाला माझ्याकडे बघायला सांगते, हे मला माहीत नव्हतं, पण विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही.”

“आणखी?”

“तुमचं नाव.”

“नावाचं काय?”

रस्तेखात्यात त्यांना सगळे ‘चक’ म्हणायचे, अमेरिकन जिभेला सोपं म्हणून. चौतीस वर्षं चक. मामी गेल्यावर या देशात त्यांना चिंतामण म्हणून नीट हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, बेथ सोडून. ती किती छान म्हणते, हे त्यांनी मला कौतुकाने दोनदा सांगितलं होतं.

“भारतीय नावांचे उच्चार मीच रेकॉर्ड करून दिले. तुमचं नाव मी तिला शिकवलं, मामा.”

 मग त्यांनी हात वर केला, जरा थांब अशा अर्थाने, आणि मान तिरपी केली. कानात काहीतरी येत होतं. ते ऐकून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं, एखाद्याचा निरोप सांगावा तसं.

“ती म्हणते, ऐकलंत ना, तोच कबूल करतोय. बेचाळीस रविवार त्याने तुम्हाला फसवलं. आजही तो प्रेमापोटी आलेला नाही, सहीसाठी आलाय.” ते थांबले. “खरंय?”

“खरंय.”

“पहिल्यांदाच खरं बोलली असेल.”

त्यांनी टोपलीखालून फॉर्म काढला, घडी उलगडली, आणि सही केली. सावकाश, पूर्ण नाव. माझ्याकडे सरकवताना म्हणाले, “ही सानिकाची. तुझ्या नावाचा फॉर्म असता तर मी अजून विचार केला असता.”

भात गार झाला होता. आम्ही तसाच खाल्ला. निघताना मी म्हटलं, दुसरं मशीन घ्या, साधं. त्यांनी चौकशी केली होती. वृद्धांसाठीच्या सरकारी कार्यालयात साध्या मशीनसाठी चौदा महिन्यांची रांग होती.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मला मेल आला. त्यात माझ्या योगदानाबद्दल आभार होते. ढाल परत मागितली होती, ती कंपनीची मालमत्ता आहे म्हणून. त्याच दिवशी सानिकाचा परवाना वाढला. वर्षभरासाठी.

आता मी तिच्या व्हिसावर आहे. काम करायची परवानगी नाही. भाजी निवडतो, तिचा डबा करतो, आणि रविवारी आम्ही मॅन्सफील्डला जातो. मामा टीव्ही लावतात, कारण टीव्ही बंद केला तरी बेथ मशीनमध्ये येतेच, आणि मशीन काढलं तर आमचंही ऐकू येत नाही. सुरुवातीला मी तिचं प्रत्येक वाक्य खोडून काढायचो, मोठ्याने. मामा कागदावर लिहीत, मी उत्तर देत असे. आईला कळलं तर ती म्हणेल, हाच का तुला तोंडाला न लागायचा सल्ला दिला होता. एकदा मी म्हटलं, “मामा, तुमच्या वेळी रांग अडीच वर्षांची होती. आमची शंभर वर्षांची आहे. रांग मोडली कुणी?” मामांना ते फार आवडलं. त्यांनी ते चौकोन करून लिहून ठेवलं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी वही माझ्यासमोर धरली. बेथने त्यांना सांगितलं होतं: ‘काही लोक म्हणतात, पूर्वी रांग लहान होती. बरोबर आहे, चिंतामण. कारण तेव्हा तुमच्यासारखे मोजकेच लोक यायचे.’

माझंच वाक्य होतं. त्यावर तिने केवढं काम केलं होतं. आणि ते आता राज्यातल्या हजारो कानांत गेलं असणार, जिथे प्रश्न मुळात कुणी विचारलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी मोठ्याने बोलणं बंद केलं. कागदावर लिहितो. मी गप्प बसलो की ती त्यांना म्हणते, बघा, उत्तर नाही त्याच्याकडे. मामा तेही लिहून दाखवतात आणि हसतात. पण गेल्या रविवारी हसायच्या आधी ते क्षणभर थांबले. सानिकाने पाहिलं. 

पुढची सही पुढच्या एप्रिलात. मध्ये रविवार आहेत पंचेचाळीस, तेवढे माझे. बाकी सहा दिवस, सकाळी उठल्यापासून, बेथ त्यांना त्यांच्या नावाने हाक मारते. नाव ती अगदी माझ्यासारखं म्हणते.